जमावबंदीच्या कागदावरून

रत्नागिरी जिल्ह्यात जमावबंदीचा आदेश आता कुणाला अपूर्वाईचा वाटत नाही. सण, निवडणूक, मोर्चा, एखाद्या प्रकल्पासाठीची जमीनमोजणी, निमित्त कोणतेही असो, जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयातून कागद निघतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याची चार ओळींची बातमी येते. बहुतेक वाचक ती ओलांडून पुढे जातात. मानवी हक्कांचा कायदा शिकायला निघालेल्याने मात्र तिथेच थांबावे आणि मूळ कागद मिळवून वाचावा. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 37 खाली निघणाऱ्या आदेशाचा साचा ठरलेला असतो. आधी कायद्याचे कलम, मग शांतता व सुव्यवस्था राखण्याविषयीची एक ओळ, मग तारखा आणि वेळ. त्यापुढे मनाईची यादी येते. शस्त्रे, सोटे, लाठ्या बाळगायच्या नाहीत, दगड साठवायचे नाहीत, प्रेतांचे किंवा पुतळ्यांचे प्रदर्शन करायचे नाही, जाहीर घोषणा द्यायच्या नाहीत, गाणी म्हणायची नाहीत, वाद्ये वाजवायची नाहीत. पाच किंवा अधिक माणसांनी एकत्र जमायचे नाही. शेवटी लग्न, अंत्ययात्रा वगैरेंना सूट. भजनी मंडळाने आणि मोर्चेकऱ्यांनी एकाच कागदाकडे बघून आपापली जागा शोधायची असते.

पाठ्यपुस्तके हा विषय बहुधा 1948 साली पॅरिसमध्ये स्वीकारलेल्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यापासून सुरू करतात. तिथून सुरुवात केली की हक्क म्हणजे थोरामोठ्यांनी एकमताने लिहिलेली सुंदर यादी, अशी समजूत होते आणि परीक्षेपुरती यादी पाठ होते. माझ्या मते या कायद्याचे मर्म यादीत नाही. सत्तेवर टाकलेला पुराव्याचा भार, असा त्याचा अर्थ घेतला तर बाकीचे सगळे उलगडत जाते. माणसाला अडवायचे असेल तर अडवणाऱ्याने कारण सांगायचे, त्या कारणाला कायद्याचा आधार दाखवायचा, आणि ते कारण खरे व पुरेसे आहे का, हे तिसऱ्या कुणीतरी तपासायचे. जमावबंदीच्या कागदावर ‘शांतता व सुव्यवस्था’ ही जी एक ओळ असते, तिच्यावर सगळा डोलारा उभा आहे. ती ओळ नुसती लिहून भागते, की सिद्ध करावी लागते, हा प्रश्न पुढच्या पानांचा विषय आहे.

कारण न देणारी सत्ता कशी असते, हे रत्नागिरी शहराने जवळून पाहिले आहे. ब्रह्मदेशचा राजा थिबा याला इंग्रजांनी 1885 मध्ये पदच्युत केले आणि 1886 मध्ये रत्नागिरीत आणून ठेवले. 1916 मध्ये तो इथेच वारला. तीस वर्षांच्या या बंदिवासाला कोणत्याही न्यायालयाचा निकाल नव्हता. आज पर्यटक ज्या थिबा पॅलेसमध्ये फोटो काढतात, तो 1910 च्या सुमारास बांधून झाला, म्हणजे कैदेची बरीच वर्षे उलटून गेल्यावर. राजाची गोष्ट राजाची म्हणून सोडून द्यावी, तर पुण्याच्या नातू बंधूंचे उदाहरण आहे. 1897 मध्ये त्यांना 1827 च्या मुंबई रेग्युलेशन 25 खाली खटल्याशिवाय डांबण्यात आले. विनायक दामोदर सावरकरांना 1924 मध्ये तुरुंगातून सोडले ते रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जायचे नाही आणि राजकारणात भाग घ्यायचा नाही, या अटींवर. मुदत पाच वर्षांची होती. ती वाढत वाढत 1937 पर्यंत गेली. या सगळ्यांच्या राजकारणाबद्दल वाचकाचे मत काहीही असू शकते. इथे लक्ष द्यायचे ते एवढ्याकडे, की डांबून का ठेवले किंवा मुदत का वाढवली याचा जाब घेणारे, सरकारच्या बाहेरचे असे कुणी नव्हते.

याच काळात जिल्ह्याच्या उत्तर सीमेपलीकडे, महाडला, पुराव्याच्या भाराचा एक असामान्य धडा घडत होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे हे मंडणगड तालुक्यातले, आणि महाड तिथून लांब नाही. सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने मुंबई विधिमंडळाने 1923 मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असे म्हटले, महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून ठराव केला, आणि तरी चवदार तळ्याचे पाणी प्रत्यक्षात बंदच राहिले. 20 मार्च 1927 रोजी आंबेडकर आणि त्यांच्यासोबतचे हजारो लोक तळ्यावर जाऊन पाणी प्याले. डिसेंबरमध्ये दुसऱ्या परिषदेच्या तोंडावर सवर्ण मंडळींनी दिवाणी दावा लावला आणि तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. म्हणजे पहिल्या फेरीत कायदा अडवणाऱ्यांच्या बाजूने उभा राहिला. पण दावा चालू झाल्यावर वादींना एक गोष्ट सिद्ध करावी लागली, ती म्हणजे अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादी काळापासून चालत आलेली आहे. ते त्यांना जमले नाही. मार्च 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांचे अपील फेटाळले. त्या वेळी राज्यघटना नव्हती, मूलभूत हक्क नव्हते, जागतिक जाहीरनामा नव्हता. तरीही ‘आमची परंपरा आहे’ हे म्हणणे नुसते म्हणून चालणार नाही, पुरावा आणा, असे न्यायालयाने म्हटले आणि दावा कोसळला. दहा वर्षे लागली, हेही विसरू नये.

हक्कांची भाषा पाश्चात्त्यांकडून आली, आपल्याकडे कर्तव्याची परंपरा आहे, हा आक्षेप प्रत्येक वर्गात कुणीतरी घेतोच. महाडचा दावा हे त्याचे पुरेसे उत्तर आहे, कारण तळ्याचे पाणी मागणाऱ्यांनी कोणत्या युरोपीय ग्रंथावरून तहान ठरवली नव्हती. आणखी एक योगायोग पाहण्यासारखा आहे. 9 डिसेंबर 1948 रोजी दिल्लीत संविधान सभेत आजच्या अनुच्छेद 32 वर चर्चा झाली. मूलभूत हक्क मोडला गेला तर थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागता येईल, असे सांगणारा हा अनुच्छेद. सगळ्या संविधानात सर्वांत महत्त्वाचा अनुच्छेद कोणता असे विचारले तर मी याच्याकडे बोट दाखवीन, हा संविधानाचा आत्मा आहे, अशा आशयाचे आंबेडकर त्या दिवशी बोलले. दुसऱ्याच दिवशी, 10 डिसेंबरला, पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मानवी हक्कांचा जाहीरनामा 48 विरुद्ध शून्य मतांनी स्वीकारला. आठ देश तटस्थ राहिले. दोन्हीकडच्या मजकुरात यादी सारखीच वाटेल, पण जाहीरनामा कुणालाही न्यायालयात खेचू शकत नव्हता. दिल्लीत दाद मागण्याची सोय आधी पक्की झाली. महाडच्या मनाईहुकुमाचा अनुभव घेतलेल्या माणसाला यादीपेक्षा दाद मागण्याच्या वाटेचे मोल अधिक वाटले, तर नवल नाही.

जाहीरनाम्याचे बंधनकारक करारांत रूपांतर 1966 मध्ये झाले. त्यांपैकी नागरी व राजकीय हक्कांच्या करारात आणि आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या करारात भारत एप्रिल 1979 मध्ये सामील झाला. आपले घटनाकार त्यांच्या पुढे होते असे म्हणायला हरकत नाही, पण या करारांनी कारण तपासण्याची एक कसोटी जगभर रुजवली. निर्बंधाला कायद्याचा आधार आहे का, हेतू रास्त आहे का, तो हेतू साधायला हा निर्बंध खरोखर गरजेचा आहे का, आणि याहून सौम्य उपाय शिल्लक होता का. आपल्या संविधानातल्या अनुच्छेद 19 मधला ‘वाजवी निर्बंध’ हा शब्दप्रयोग आज न्यायालये जवळजवळ याच अर्थाने वाचतात. ही कसोटी एका खऱ्या प्रसंगाला लावून पाहू.

गुहागर तालुक्यातला एन्रॉनचा वीजप्रकल्प दाभोळच्या नावाने ओळखला जातो खरा, पण दाभोळ वाशिष्ठीच्या पलीकडच्या तीरावर, दापोली तालुक्यात. प्रकल्प अलीकडे, वेलदूर-अंजनवेल-रानवीच्या सड्यावर. एन्रॉन, जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल या तीन अमेरिकी कंपन्यांच्या दाभोळ पॉवर कंपनीशी महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने डिसेंबर 1993 मध्ये वीजखरेदी करार केला. 1995 मध्ये सत्तेवर आलेल्या युती सरकारने तो रद्द केला आणि 1996 च्या सुरुवातीला नव्या अटींवर पुन्हा मान्य केला. सरकार बदलले, करार फिरला, पण जमीन, पाणी आणि खाडीतल्या मासेमारीबद्दल गावांचे प्रश्न तसेच राहिले. मोर्चे सुरू झाले आणि त्यांच्यावर तीन हत्यारे वापरली गेली: पोलीस अधिनियमाचे कलम 37, फौजदारी प्रक्रिया संहितेचे जमावबंदीचे कलम 144, आणि गुन्हा घडण्याआधीच अटक करू देणारे कलम 151. बाहेरून येणाऱ्या मेधा पाटकर, माजी न्यायमूर्ती बी. जी. कोळसे पाटील यांच्यासारख्यांवरही कारवाई झाली. 3 जून 1997 रोजी पहाटे पोलीस वेलदूरच्या मच्छीमार वस्तीत शिरले. बरेच पुरुष समुद्रावर होते. घरांत घुसून दोन डझनांहून अधिक बायकांना पकडण्यात आले, लाठ्या चालल्या, असे ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने त्याच वर्षी आणि ह्यूमन राइट्स वॉचने जानेवारी 1999 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालांत नोंदवले आहे. एका खासगी कंपनीला मानवी हक्कांच्या भंगाबद्दल जबाबदार धरणारा दुसरा अहवाल जगभर अभ्यासला गेला, आणि त्याच्या केंद्रस्थानी कोकणातली ही काही गावे होती.

या पहाटेला कसोटी लावली तर काय दिसते? कायद्याचा आधार होता. कलमे पुस्तकात होती, आदेश निघालेले होते. नवशिके विद्यार्थी इथेच फसतात आणि म्हणतात, मग सगळे कायदेशीरच झाले. हेतूही, म्हणजे सार्वजनिक सुव्यवस्था, संविधानाला मान्य आहे. 1961 मध्ये, नागपूरच्या एका कामगार तंट्यातून आलेल्या बाबुलाल पराते खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम 144 वैध ठरवले होते, त्यामुळे कलमालाच आव्हान देऊन भागण्यासारखे नव्हते. खरा प्रश्न तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवर आहे. राममनोहर लोहियांच्या खटल्यात 1965 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकात एक बसलेल्या तीन वर्तुळांचे चित्र काढले. सर्वांत बाहेर कायदा व सुव्यवस्थेचा प्रत्येक लहानमोठा भंग, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्था, आणि अगदी आत राज्याची सुरक्षा. बाहेरच्या वर्तुळातली कुरबुर दाखवून आतल्या वर्तुळासाठीचे अधिकार वापरता येत नाहीत. रस्त्यात बसलेल्या बायका वाहतूक अडवतात, म्हणून महिनोन्‌महिने तालुकाभर पाच माणसांना एकत्र येऊ न देणे ही उडी त्या चित्रात बसत नाही. पोलीस अधिनियमाखालच्याच एका नियमाबाबत 1972 मध्ये, अहमदाबादच्या हिंमतलाल शहा खटल्यात, घटनापीठाने सांगितले होते की सार्वजनिक रस्त्यावर सभेला परवानगी द्यायची की नाही हे पोलीस आयुक्तांच्या निव्वळ मर्जीवर सोडता येणार नाही. सभेचे नियमन करता येते. सभा नकोच असे म्हणण्याचा मोकळा परवाना मिळत नाही.

अटकेचे तर आणखी स्पष्ट आहे. अनुच्छेद 22 नुसार अटकेचे कारण सांगावे लागते, वकील करू द्यावा लागतो आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते. डी. के. बसू खटल्यात 18 डिसेंबर 1996 रोजी, म्हणजे वेलदूरच्या त्या पहाटेआधी जवळजवळ सहा महिने, सर्वोच्च न्यायालयाने अटकेसाठी अकरा बंधने घातली होती. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी, जागेवरच केलेला आणि साक्षीदाराची सही असलेला अटक पंचनामा, नातेवाइकाला खबर, अंगावरच्या जखमांची नोंद, दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी. बायकांच्या कोठडीबद्दल तर महाराष्ट्रानेच देशाला नियम मिळवून दिले होते. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईतल्या कैदी स्त्रियांच्या स्थितीबद्दल लिहिलेले पत्र सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून दाखल करून घेतले आणि 1983 मध्ये स्त्रियांसाठी वेगळी कोठडी, महिला पोलिसांचा पहारा आणि महिला पोलिसांसमोरच चौकशी असे आदेश दिले. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात बाईला अटक करायची तर अपवादात्मक कारण आणि दंडाधिकाऱ्याची परवानगी लागते, ही तरतूद मात्र संहितेत त्यानंतर, 2005 च्या दुरुस्तीने आली. अटक पंचनाम्यासारख्या किरकोळ वाटणाऱ्या कागदात हक्क उतरतो तो असा. कागदावर वेळ लिहावी लागली की पहाट पहाटच राहते, तिची दुपार करता येत नाही.

इथे जो आक्षेप येतो तो सर्वांत प्रामाणिक आहे आणि तो नुसता सरकारी गोटातून येत नाही. राज्याला वीज हवी, जिल्ह्याला रोजगार हवा, चाकरमान्यांच्या गाड्यांनी दर गणपतीत भरून वाहणाऱ्या या पट्ट्याला तर हवाच हवा, मग मूठभरांच्या विरोधासाठी सगळे अडवून धरायचे का? एन्रॉनच्या बाबतीत इतिहासाने आक्षेपकांना अडचणीत टाकले आहे. 740 मेगावॉटचा पहिला टप्पा 1999 मध्ये सुरू झाला, विजेचा दर परवडेना म्हणून वीज मंडळाने 2001 मध्ये खरेदी थांबवली, त्याच डिसेंबरात एन्रॉनने अमेरिकेत दिवाळे काढले, आणि 2005 मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही सरकारी कंपन्यांची नवी कंपनी काढून प्रकल्प सांभाळावा लागला. विरोधक जे ओरडून सांगत होते त्यातले बरेच ऐकण्यासारखे होते. पण हे उत्तर मी फार ताणणार नाही, कारण त्यात एक धोका आहे. विरोधक बरोबर ठरले म्हणून त्यांना बोलण्याचा हक्क होता, असे म्हटले की चुकीचे ठरणाऱ्यांचा हक्क आपोआप जातो. जैतापूरच्या अणुप्रकल्पाला किंवा 2023 मध्ये बारसूच्या सड्यावरच्या रिफायनरीच्या माती परीक्षणाला विरोध करणारे शेवटी चूक ठरले, तरी त्यांना बसू न देण्याचे कारण सरकारलाच सिद्ध करावे लागते. जमीन घेण्याचे अधिकार सरकारकडे आहेत आणि हक्कांच्या कायद्याने ते काढून घेतलेले नाहीत. सुनावणी घ्या, मोबदला द्या, मग घ्या, असा तो क्रम आहे. क्रम टाळण्यासाठी जमावबंदी वापरली की आदेशावरचे कारण आणि मनातले कारण वेगळे पडते, आणि न्यायालयाने शोधायची ती हीच फट.

कंपनीचे काय? हक्कांचा कायदा राज्यसंस्थेला बांधतो, खासगी कंपनीला नाही, हे ढोबळमानाने खरे आहे. अस्पृश्यता, वेठबिगारी, बालमजुरी यांविषयीचे अनुच्छेद खासगी माणसालाही लागू होतात, पण ते अपवाद. दाभोळ प्रकरणात गुंता असा होता की प्रकल्पाच्या बंदोबस्ताला असलेल्या पोलिसांचा खर्च कंपनी देत होती, असे ह्यूमन राइट्स वॉचने दाखवले. सुव्यवस्था हा सरकारचा विषय, असा कंपनीचा पवित्रा होता. लाठी सरकारची आणि बिल कंपनीचे, अशा वेळी जबाबदारी कुणाची, याला त्या वेळी कोणत्याही कायद्यात नेमके उत्तर नव्हते. 2011 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने उद्योगांसाठी मार्गदर्शक तत्त्वे मंजूर केली. त्यांनुसार हक्कांचे रक्षण हे राज्याचे कर्तव्य, त्यांचा आदर ही कंपनीचीही जबाबदारी, आणि बाधितांना दाद मागण्याची वाट हवी. तत्त्वे बंधनकारक नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

राहता राहिला तो कडवट आक्षेप, की हे सगळे कागदावरच आहे. त्यात तथ्य आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोग 1993 पासून आणि महाराष्ट्राचा राज्य आयोग 2001 पासून काम करतो, पण दोघेही शिफारसच करू शकतात आणि घटनेला वर्ष उलटले तर तक्रार घेत नाहीत. नागरी व राजकीय हक्कांच्या करारात सामील होताना भारताने बेकायदा अटकेबद्दल भरपाईचा हक्क मान्य नाही अशी टीप जोडली, आणि व्यक्तीला थेट संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार करू देणारा जोडकरार स्वीकारलाच नाही. तरीही कागद हलतो, असे दाखवणारी उदाहरणे आहेत. 1983 मध्ये रुदल शाह आणि 1993 मध्ये नीलाबती बेहरा या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने राज्याला भरपाई द्यायला लावली आणि बसू निकालात त्या टिपेला आता अर्थ उरला नाही असे सुनावले. 10 जानेवारी 2020 च्या अनुराधा भसीन निकालाने कलम 144 चे आदेश प्रसिद्ध करावेत, त्यांत ठोस तथ्ये असावीत, आणि रास्त मतभेद दडपायला ते वापरू नयेत असे बंधन घातले. जुलै 2024 पासून 144 ची जागा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 ने आणि 151 ची 170 ने घेतली आहे. आकडे बदलले, पण जुने निकाल नव्या कलमांनाही लागू पडतात.

माझी खरी शंका वेगळ्याच ठिकाणी आहे. कलम 37 चा आदेश राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय पंधरा दिवसांपेक्षा जास्त टिकत नाही. ही मर्यादा नागरिकाच्या भल्यासाठी आहे, पण तिचा उलटा परिणाम असा होतो की याचिका ऐकली जाईपर्यंत आदेश संपलेला असतो, आता तपासायचे काय असे सरकारी वकील विचारतात, आणि त्याच मजकुराचा नवा आदेश निघालेला असतो. त्यामुळे उच्च न्यायालय किती जवळ आहे, हा नुसता भूगोलाचा प्रश्न राहत नाही. अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालयात दाद मागायला रत्नागिरीकराला इतकी वर्षे मुंबई गाठावी लागे. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आणि रत्नागिरी जिल्हा त्याच्या कक्षेत आला. राजापूर, लांजा, रत्नागिरीला घाट चढला की कोल्हापूर येते. मंडणगड-दापोलीला अजून मुंबईच जवळची, त्यांना हा फेरा उलटाच पडणार. बारसूसारख्या प्रसंगी पहिल्या दिवशी निघालेल्या आदेशाविरुद्धची याचिका तिथे सहाव्या दिवशी बोर्डावर लागते की सोळाव्या, यावर आता लक्ष ठेवायला हवे.